गुलमर्गला स्की शिकायला जाताय? मग चार तासांची सहल विसरा

गुलमर्गशी माझी पहिली ओळख फक्त चार तासांची. सात दिवसांच्या काश्मीर सहलीत एका दिवसापुढे ‘गुलमर्ग’ असं छापलेलं होतं. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि आदल्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओलसर झालेला कोट, मग स्लेज, मग गोंडोलाची, म्हणजे रोपवेची रांग, मग मॅगी, की परत श्रीनगर. मधल्या वेळात एका मुलाने पायांना स्की बांधून मला वीसेक पावलं ओढत नेलं, फोटो काढला आणि म्हणाला, “हो गया मॅडम, स्कीइंग.” घरच्या ग्रुपवर त्या फोटोचं भरपूर कौतुक झालं. मी गप्प राहिले.

दोन वर्षांनी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नीट शिकायला गेले. आता तीन हिवाळे आणि एक जुलै तिथे काढून झाला आहे. मी स्कीइंगमधली तज्ज्ञ नाही. उतारावरून न पडता खाली येते, एवढंच. पण पुण्यामुंबईकडून पहिल्यांदा निघणाऱ्या माणसाला काय काय कळत नाही, ते मला अजून लख्ख आठवतं. ते विसरायच्या आत लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा : गुलमर्ग ही दिवसभरात उरकायची जागा नाही. शिकायचं असेल तर किमान पाच रात्री, जमल्या तर सात. एक दिवस बर्फवृष्टीत जातो, एक दिवस वाऱ्यामुळे लिफ्ट बंद राहते, आणि एक दिवस तुमचेच पाय संप करतात.

१. कधी जायचं हे आधी ठरवा

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन तुकडे करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ले कलां’, त्यानंतर वीस दिवस ‘चिल्ले खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्ले बच्चा’. म्हणजे मोठी थंडी, छोटी थंडी आणि थंडीचं पिल्लू. हॉटेलवाल्याला तारखा विचारताना हे शब्द वापरलेत तर तो तुमच्याशी जरा वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

नवशिक्याला मी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सांगेन. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात, आणि बर्फ असेलच असं नाही. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंजावातांवर अवलंबून असतो. ते वारे पीर पंजालच्या रांगेला अडले, की गुलमर्ग एका रात्रीत पांढरं होतं. ते आलेच नाहीत, तर गवत दिसतं. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना असाच कोरडा गेला होता. २०२५ मध्ये तर ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. सरकारी स्पर्धेची ही गत, तिथे तुमच्याआमच्या बुकिंगची काय कथा. तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करा आणि निघण्याआधी आठवडाभर हवामान खात्याचा अंदाज रोज बघत जा.

मार्चमध्ये दुपारी बर्फ भुसभुशीत होतो. पडलं तर लागत नाही, पण स्की रुततात आणि गुडघे पिळवटतात. शिकायचं असेल तर मार्चमध्ये सकाळचे तासच खरे.

२. कुणाकडे शिकायचं?

दोन रस्ते आहेत.

पहिला, संस्थेचा कोर्स. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. पहलगामची जवाहर गिर्यारोहण आणि हिवाळी क्रीडा संस्थाही हिवाळ्यात स्कीचे कोर्स घेते. साधारण दोन आठवडे राहणं, खाणं, साहित्य आणि शिकवणं एकत्र. पैशाच्या मानाने यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. मात्र शिस्त शाळेची असते : पहाटे उठणं, रांगेत नाश्ता, एका खोलीत अनेक जण. जागा भराभर संपतात, म्हणून दिवाळीच्या आसपासच त्यांच्या संकेतस्थळांवर तारखा बघायला लागा. कॉलेजातल्या मुलामुलींनी दुसरा विचारच करू नये.

दुसरा, खासगी प्रशिक्षक. दोन आठवड्यांची रजा न मिळणाऱ्या माझ्यासारख्यांना हाच सोयीचा. फसवणूक होते तीही इथेच, कारण गोंडोलाच्या तळाशी उभा असलेला प्रत्येक जण स्वतःला ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणवतो. परवाना किंवा संस्थेच्या कोर्सचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ते आहे तो अजिबात रागावत नाही, उलट मोबाइलमध्ये फोटो तयारच ठेवतो. आणि पैसे ठरवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा : शिकवण्याचे दिवसाचे किती, साहित्याचे किती, लिफ्टचं तिकीट कुणाचं. या तीन खर्चांची मोट बांधून एक आकडा सांगितला, की समजा संध्याकाळी वाद होणार आहे.

तंगमर्ग आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं लाकडी फळ्यांवर घसरत मोठी होतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेला एकमेव खेळाडू आरिफ खान याच भागातला. माझा उस्तादही तिथलाच. पहिल्या दिवशी त्याने मला ‘आंटी’ म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून ‘दीदी’. माझं स्कीइंग सुधारल्याचा त्याहून मोठा पुरावा मी मागितला नाही.

उत्तराखंडातल्या औलीचं आणि हिमाचलातल्या सोलंगचं काय, असं विचाराल. दोन्ही ठिकाणी शिकता येतं आणि औलीतून नंदादेवी दिसते ती जन्मात विसरत नाही. पण जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. लिफ्ट, उतार आणि बर्फ यांचा एकत्र विचार केला, तर माझं मत गुलमर्गलाच.

३. कागदपत्रं

ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा.

- मूळ आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. गोंडोलाच्या तिकिटावरचं नाव यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.
- मुलांच्या वयाचा पुरावा.
- कोर्सला जात असाल तर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो.
- विम्याची प्रत. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. ‘स्कीइंग’ हा शब्द पॉलिसीत आहे का, ते स्वतः वाचा. एजंटच्या ‘हो हो, सगळं आहे’वर जाऊ नका.
- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दरवेळी कुणीतरी श्रीनगर विमानतळावर मोबाइल बंद-चालू करत बसलेलं दिसतं.
- परदेशी पासपोर्टवरचे नातेवाईक सोबत असतील, तर त्यांचा पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड.

ड्रोन घरीच ठेवा. नियंत्रण रेषा जवळ आहे आणि लष्कराचं उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण विद्यालय गुलमर्गमध्येच आहे. चौक्यांचे, जवानांचे फोटो काढू नयेत हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातली बरीच पर्यटनस्थळं काही काळ बंद होती आणि नंतर टप्प्याटप्प्याने उघडली. आपल्याकडच्या घरांनीही त्या दिवशी माणसं गमावली, त्यामुळे ‘जाऊ की नको’ हा प्रश्न घरात निघणारच. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. गेलात तर मात्र प्रशासनाच्या ताज्या सूचना बघूनच जा आणि बंद म्हटलेल्या वाटेवर ‘जरा पुढे’ जाऊ नका.

४. दोन महिने आधीपासून पाय तयार करा

स्कीइंगमध्ये दम नंतर लागतो, मांड्या आधी जळतात. भिंतीला पाठ टेकवून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. सुरुवातीला तीस सेकंदांत पाय लटपटतील. दीड मिनिटावर आलात की तिकीट काढा. जोडीला उठाबशा आणि जिने. मी पर्वती चढायचे, पण खरा उपयोग झाला तो उतरण्याचा. सिंहगड चढून वरून गाडीने परत येणाऱ्यांनी या वेळी चालत उतरावं. उतारावर गुडघा सावरणारे स्नायू तिथेच तयार होतात.

गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, दमा असेल तर डॉक्टरांना ‘काश्मीरला जातेय’ एवढंच सांगू नका. ‘चार हजार मीटरच्या जवळ जायचंय’ असं सांगा. उत्तर बदलतं.

५. बॅगेत काय भरायचं

आपण थंडी म्हणजे स्वेटर असं धरतो. तिथे शत्रू थंडी नाही, ओल आहे. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावर गार पडून राहतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकर, बाहेर पाणी न शिरणारं जाकीट आणि तशीच पँट. जीन्स घालून बर्फात पडून बघा, दुपारपर्यंत ती पत्र्यासारखी उभी राहते.

हातमोजे दोन जोड आणि जलरोधक. पायमोजे मात्र एका वेळी एकच जोड. ही चूक जवळजवळ सगळे करतात. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. मोजा गुडघ्याखालपर्यंत लांब हवा, बुटात त्याची एकही घडी नको आणि थर्मलचं टोक बुटात खुपसायचं नाही.

गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांचं मलम यांना चैन समजू नका. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखालून भाजतं. माझ्या नाकपुड्यांच्या आतल्या बाजूची साल निघाली होती.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. राजमा-भात, डाळ, हाक नावाची पालेभाजी, नदरू म्हणजे आपली कमळकाकडी. तरी खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याची वडी ठेवा, चॉकलेट थंडीत दगड होतं. पहिल्या वर्षी मी संक्रांतीच्या सुमारास गेले होते. तिळगूळ नेला, उस्तादाला दिला, ‘गोड बोला’चा अर्थ सांगितला. त्यानंतरही तो दिवसभर माझ्यावर ओरडतच होता.

६. पोहोचायचं कसं

मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावते. वाटेत नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल लागतो आणि त्याच्या बांधणीची जबाबदारी आपल्या कोकण रेल्वेकडे होती. वेळ असेल तर एकदा तरी या गाडीने जा. कोकणातल्या दरडींशी झगडलेल्या मंडळींनी हिमालयात काय केलंय, ते खिडकीतून दिसतं.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर, तंगमर्गपासून वर, वळणांचे. बर्फ असेल तेव्हा चाकांना साखळ्या बांधलेली किंवा चारही चाकं फिरणारी गाडीच वर सोडतात. श्रीनगरहून टॅक्सी ठरवताना ‘थेट गुलमर्गच्या हॉटेलपर्यंत की तंगमर्गपर्यंत?’ हे विचारा आणि उत्तर मोबाइलवर लिहून घ्या.

तंगमर्गला गाडी एखाद्या दुकानासमोर थांबेल आणि ‘वर याशिवाय सोडत नाहीत’ म्हणून बूट-कोट दाखवले जातील. असा नियम नाही. तुमच्याकडे कपडे असतील तर हसून पुढे चला. मी पहिल्या खेपेला गुपचूप पैसे दिले, आणि वर पोहोचल्यावर पाहिलं तर डाव्या गमबुटाला भोक होतं.

गाडीतळापासून गोंडोलाचं ठाणं चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ‘बहुत दूर है’ म्हणत स्लेजवाले आणि घोडेवाले मागे लागतात. त्यांचं वर्षाचं पोट या तीन-चार महिन्यांवर असतं, त्यामुळे तुसडेपणा करू नका. बसायचं असेल तर भाडं आधी ठरवून बसा, नसेल तर एकदाच स्पष्ट नाही म्हणा. ‘बघू नंतर’ म्हणालात, की ते नंतरची वाट बघत शेजारून चालत राहतात. आपल्या भिडस्त मराठी ‘बघू’चा अर्थ तिथे ‘हो’ असा होतो.

हॉटेल निवडताना तीन प्रश्न : खोलीत बुखारी आहे की हीटर, त्याचे पैसे वेगळे का, आणि वीज गेली तर काय. बुखारी म्हणजे लाकडावरची लोखंडी शेगडी. धूर जायची नळी नीट आहे ना, ते बघा आणि झोपण्यापूर्वी खिडकीला बोटभर फट ठेवा. बंद खोलीत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं घेऊन झोपण्याचा प्रयोग तर अजिबात नको.

७. साहित्य भाड्याने घेताना घाई करू नका

यासाठी पूर्ण अर्धा तास द्या. साहित्य चुकलं तर पुढचे पाच दिवस वाया.

आधी बूट. घरूनच उभं राहून पाऊल सेंटीमीटरमध्ये मोजून न्या, कारण स्कीच्या बुटांवर तोच आकडा असतो. बकलं लावून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. ‘थोडा ढिला चलेगा’ हे ऐकू नका. स्की वळते नडगीच्या दाबाने, आणि ढिल्या बुटात तो दाब पोहोचतच नाही. दुकानात दहा मिनिटं बूट घालून नुसतं उभं राहा. दुखायचं ते तिथेच दुखू दे.

स्की तुमच्या हनुवटी ते नाकाच्या उंचीची. आखूड असली की वळायला सोपी. लांब स्की घेऊन रुबाब होतो, शिकणं होत नाही. कडा बोटाने चाचपा, गंजलेली नको.

सगळ्यात महत्त्वाचं ते बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर स्की फिरते आणि सोबत गुडघाही फिरवते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि अनुभव यावरून त्याचा आकडा लावतात. दुकानदाराने तुमचं वजन न विचारता स्की हातात दिली, तर परत करा आणि दुसरं दुकान गाठा. वजन लपवण्याची ही जागा नव्हे. मी पाच किलो कमी सांगितलं होतं आणि पहिल्या दिवशी साध्या वळणावर दर वेळी स्की निघून जायची. हेल्मेट मागा. नाही म्हणाले तरी मागा.

८. पहिले तीन दिवस

पहिला दिवस गोंडोलाच्या तळाजवळच्या जवळपास सपाट उतारावर जाईल. मोठा डोंगर समोर दिसत असतो, पाच वर्षांची स्थानिक मुलं शेजारून सूं करत जातात आणि तुम्ही एका पायात स्की घालून बदकासारखे फिरत असता. लाज तिथेच सोडा.

शिकण्याचा क्रम साधारण असा असतो. आधी पडायला शिका. तोल गेला की कडेला, नितंबावर पडायचं. पुढे हात टेकून नाही, पाठीवरही नाही. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा. त्या उताराच्या दिशेने ठेवून उठायला गेलात, की उठल्या उठल्या निघालात.

मग ‘प्लाउ’. पुढची टोकं जवळ, मागची लांब, कौलारू घराच्या छपरासारखा आकार. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी होतो. तोल मागे गेला की स्की ऐकत नाहीत. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि रेलला की वेग वाढतो. हे डोक्याला पटायला पाच मिनिटं लागली, शरीराला दोन दिवस. माझा उस्ताद एकच वाक्य म्हणायचा, “दीदी, पहाड़ को गले लगाओ नहीं, नीचे देखो.” डोंगराकडे कलायचं नाही, दरीकडे छाती ठेवायची. घाटात वाढलेल्या माणसाच्या सगळ्या संस्कारांविरुद्ध आहे हे.

ओढून नेणारी लिफ्ट ही पहिल्यांदा पाळण्यासारखी वाटते. तिच्यावर बसायचं नाही. दांडा पायांमध्ये घ्यायचा, उभं राहायचं आणि ओढून घ्यायचं. बसलात की आडवे. पडलात तर दांडा सोडून पटकन वाटेतून बाजूला व्हा, मागून दुसरा माणूस येत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरता येणार नाही. त्या दिवशी अर्धाच वेळ करा. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी अचानक वळण जमतं. बऱ्याच दुखापती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शेवटच्या फेरीला होतात, कारण आत्मविश्वास आलेला असतो आणि पाय संपलेले असतात. ‘एक शेवटची’ असं तोंडून निघालं, की ती घेऊ नका.

९. गोंडोला

दोन टप्पे आहेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथून कोंगडोरी सुमारे ३,१०० मीटरवर, हा टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत दुसरा, २००५ चा. कोंगडोरीहून एक खुर्च्यांची लिफ्टही आहे. नवशिक्याने पहिल्या टप्प्याच्या वर स्की घेऊन जाऊ नये. प्रशिक्षक ‘चलो’ म्हणाला तरी, सलग वळणं घेत थांबता येत नसेल तोवर नाहीच.

तिकीट फक्त ऑनलाइन, जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर. दोन्ही टप्पे मिळून माणशी दोन हजारांच्या आसपास धरा. सुट्ट्यांच्या दिवसांत दुसऱ्या टप्प्याची तिकिटं आधीच संपतात. खिडकीवर जाऊन बघू, हा विचार सोडा. ‘आतून करून देतो’ म्हणणारा भेटेलच, त्याला पैसे देऊ नका. स्की करणाऱ्यांचे पास वेगळे असतात, तेही तिथेच चौकशी करून घ्या.

जोराचा वारा असला की दुसरा टप्पा बंद. यावर काउंटरवर भांडणारे पर्यटक मी पाहिलेत. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड केबलवर कोसळून सात जणांचा जीव गेला होता. बंद म्हणाले की बंद. खाली येऊन कहवा प्या.

वर पोहोचल्यावर धावू नका, नाचू तर नकाच. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही तेराशे मीटर चढलेले असता. डोकं दुखलं, मळमळलं तर फोटो पुरे करा आणि पुढच्या डब्यातून खाली या. श्रीनगरला उतरून त्याच दिवशी वर जाणं टाळा. गुलमर्गला एक रात्र काढून जा.

१०. दोरीच्या पलीकडे जाऊ नका

अफरवटचा पसारा मोठा आणि त्यातला थोडाच भाग गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. ‘गुलमर्ग स्की पेट्रोल’ म्हणजे हेच गस्ती पथक रोज हिमस्खलनाचा इशारा देतं, १ ते ५ अशा श्रेणीत. बाकी जगभरातून लोक इथे येतात ते देखरेखीबाहेरच्या कोवळ्या बर्फासाठी. त्यांच्याकडे गाडलं गेल्यास संदेश देणारं यंत्र, शोधकाठी, फावडं आणि अनुभवी वाटाड्या असतो. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुद उतारावर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू दगावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गजवळ आणखी एक.

फसवणारी गोष्ट अशी, की भरपूर बर्फ पडून गेल्यावर स्वच्छ ऊन पडतं, आकाश निळं होतं, आणि सगळ्यांना तोच दिवस सुंदर वाटतो. ताजा थर जुन्यावर बसलेला नसतो. सगळ्यात धोक्याचाही तोच दिवस. सूचनाफलक उर्दू-इंग्रजीत असतात, समजले नाहीत तर विचारा.

११. बर्फ नसतानाचं गुलमर्ग

मी जुलैमध्ये गेले ती निव्वळ उत्सुकतेने. ज्या उतारावर पडून पडून निळी झाले होते, तो बर्फाखाली कसा दिसतो ते बघायचं होतं. तिथे गुरं चरत होती.

‘मर्ग’ म्हणजे कुरण, आणि मे ते सप्टेंबर ते अक्षरशः तसं असतं. गुलमर्गच्या वाटीभोवती फिरणारी सुमारे अकरा किलोमीटरची चालवाट आहे. सूचिपर्णी झाडांतून जाते, चढ फारसा नाही, एका सकाळीत होते. आकाश मोकळं असेल तर नंगा पर्वत आणि वुलर सरोवर दिसतं. खिलनमर्गपर्यंत चढून गेलात तर गुज्जर गुराख्यांची मातीच्या छपराची घरं लागतात. तिथे बोलावलं तर मिठाचा चहा घ्या, पहिला घोट चमत्कारिक लागेल, दुसरा बरा.

जरा कसलेल्या पायांसाठी अल्पाथर. अफरवटच्या मागच्या बाजूचं तळं, जूनमध्येही त्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात. दुसऱ्या टप्प्याने वर जाऊन चालत गाठता येतं किंवा खालून पूर्ण दिवस लावून. दुपारनंतर ढग आणि गडगडाट ठरलेला, म्हणून पहाटे निघा आणि वाटाड्या घ्या. सह्याद्रीत पावसात ट्रेक केलेत म्हणून फुशारू नका. आपल्याकडचा पाऊस भिजवतो, इथला गारठवतो.

गोल्फच्या अठरा होल्सच्या मैदानावर तासाभराची शिकवणी मिळते. मी चेंडूपेक्षा गवत जास्त उडवलं, त्यामुळे यावर अधिकारवाणीने काही लिहीत नाही. तंगमर्गच्या वाटेवर पंधराव्या शतकातल्या बाबा रेशींची झियारत, म्हणजे दर्गा आहे, डोक्यावर रुमाल घेऊन अवश्य जा.

एप्रिल आणि नोव्हेंबर मात्र कशाचेच नाहीत. बर्फ जातो, गवत आलेलं नसतं, सगळीकडे चिखल. ऑक्टोबर मला आवडतो, गर्दी ओसरलेली असते. फक्त गोंडोला देखभालीसाठी बंद नाही ना, ते निघण्यापूर्वी तपासा.

१२. दुखापत झाली तर आणि परतताना

गुडघा फिरला आणि ‘कट्’ असा आवाज आला, तर उठून बघू नका. तिथेच बसा, दोन्ही स्की वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवून खूण करा आणि गस्तीवाल्यांना बोलवायला सांगा. साध्या उपचारांना तंगमर्ग, हाडांच्या कामाला श्रीनगर. चालत खाली जाण्याची मर्दुमकी महागात पडते. पैसे रोख ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरला मुक्काम करा, गुलमर्गला नाही. रात्रीत बर्फ पडला तर तो तेरा किलोमीटरचा घाट सकाळी उघडेलच असं नाही. श्रीनगर विमानतळावर तपासणी बाहेरच्या फाटकापासून सुरू होते, एकामागून एक होते, तेव्हा तीन तास आधी पोहोचा. आणि ओले मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. माझी बॅग दोनदा उघडली गेली, दोन्ही वेळा माझ्या मोज्यांमुळे.